सध्या काय वाचतोस?

विद्यार्थी मित्रांनो, दोन माणसे भेटली की काय बोलतात? पावसापाण्याचे, बाजारभावाचे, परीक्षेचे, क्रिकेटचे. पण कादंबऱ्यांचे वेड असलेली दोन माणसे एकत्र आली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सध्या काय वाचता?" प्रश्न तीनच शब्दांचा, पण त्याच्या उत्तरात संध्याकाळ कशी निघून जाते ते कळत नाही.

मराठीत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो आमच्या शेजारच्या आजोबांनी. तेव्हा मी नववीत होतो. तुमच्यासारखाच उर्दू शाळेत शिकत होतो आणि मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसत होतो. आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांचा सारा दिवस ओट्यावर पुस्तक वाचण्यात जाई. एके दिवशी माझ्या हातातले जाडजूड पुस्तक पाहून त्यांनी विचारले, "काय रे, सध्या काय वाचतोस?"

ते पुस्तक होते नसीम हिजाजी यांची 'मुअज्जम अली' ही कादंबरी. मोहल्ल्यातील लायब्ररीतून रोज एक रुपया भाड्याने आणलेली. त्या लायब्ररीतील पुस्तकांची कव्हरे फाटलेली असत आणि शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने आपली मते लिहून ठेवलेली असत. कोणी लिही, 'फार छान'. कोणी लिही, 'मध्ये कंटाळा येतो, पण सोडू नका'. माझ्या प्रतीवर एका भल्या माणसाने लिहिले होते की, सुरुवातीची आठ पाने नाहीत, वाचणाऱ्याने घाबरू नये. ज्यांना आपण कधी पाहिले नाही, अशा माणसांशीही वाचक असा बोलत असतो.

मी अडखळत अडखळत आजोबांना सांगितले, की या गोष्टीचा नायक बंगालमध्ये इंग्रजांविरुद्ध लढतो, मग पानिपतच्या लढाईत भाग घेतो आणि शेवटी हैदरअलीच्या म्हैसूर राज्यात जातो. 'पानिपत' हा शब्द ऐकताच आजोबा ताठ बसले. त्यांनी उशाशी ठेवलेले पुस्तक उचलून मला दाखवले. विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही कादंबरी. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकांनी तिच्यावर फार प्रेम केले. एकच लढाई, पण एक पुस्तक उजवीकडून डावीकडे उघडणारे आणि दुसरे डावीकडून उजवीकडे. आजोबा म्हणाले, "तू तुझे मला सांग, मी माझे तुला सांगतो."

आपण वाचतो आहोत ते दुसऱ्याला सांगण्याची ही चाल काही नवी नाही. आपल्या उर्दू कादंबरीचा तर जन्मच अशा सांगण्या-ऐकण्यात झाला. डेप्युटी नजीर अहमद आपल्या मुलींसाठी थोडे थोडे लिहून देत. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट मुली आवडीने वाचत आणि पुढच्या पानांसाठी हट्ट धरत. पुढे १८६९ साली तीच गोष्ट 'मिरातुल उरूस' या नावाने छापली गेली आणि सरकारने तिला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. त्यानंतर काही वर्षांनी, १८७८ मध्ये, लखनौच्या 'अवध अखबार' या वृत्तपत्रात पंडित रतननाथ सरशार यांची 'फसाना-ए-आजाद' क्रमशः येऊ लागली. क्रमशः म्हणजे तुकड्यातुकड्यांनी. आजचा भाग संपला की वाचकाला पुढच्या भागापर्यंत थांबणे भाग. आता या थांबण्याच्या काळात माणूस दुसरे काय करणार? भेटेल त्याला विचारणार, "खोजीचे पुढे काय होईल हो?"

मराठीतही तेच घडले. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्यांची 'उषःकाल' ही शिवकाळावरील कादंबरी १८९५ पासून याच साप्ताहिकातून क्रमशः आली. वडील विजापूर दरबाराचे एकनिष्ठ चाकर आणि मुलाचे मन स्वराज्याकडे ओढलेले, अशी तिच्यातील घरातल्या घरातली ओढाताण आहे. आठवडाभर वाट पाहायची आणि अंक आला की आधी कोणी वाचायचा यावरून भांडायचे, हे सुख आज सबंध पुस्तक एकदम हातात पडणाऱ्या वाचकाला मिळत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. गोरखपूरला धनपतराय नावाचा सुमारे तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला उर्दू कादंबऱ्यांचे विलक्षण वेड. विकत घ्यायला पैसे नाहीत. मग तो एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात जाऊन बसे, त्याची इंग्रजीची गाइडे शाळेत विकून देई आणि मोबदल्यात कादंबऱ्या घरी नेऊन वाची. शरर, सरशार यांची पुस्तके आणि 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाड जाड खंड त्याने असेच वाचून काढले. दोन-तीन वर्षांत आपण शेकडो कादंबऱ्या वाचल्या, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. हा मुलगा मोठेपणी कोण झाला, हे तुमच्यापैकी काहींनी ओळखले असेल. ते मुन्शी प्रेमचंद. (गाइडे विकण्याचा धंदा मात्र तुम्ही करू नका, तुमचे सर मला दोष देतील.)

आता जरा आपल्या मुख्य विषयाकडे, म्हणजे ऐतिहासिक कादंबरीकडे येऊ. ज्या कादंबरीत होऊन गेलेला काळ आणि होऊन गेलेली माणसे असतात, ती ऐतिहासिक कादंबरी. इतिहासकार कागदपत्रे पाहतो आणि कागद जिथे संपतो तिथे थांबतो. कादंबरीकार तिथे थांबत नाही. राजा रात्री एकटा असताना काय म्हणाला असेल, सैनिकाच्या आईला काय वाटले असेल, हे तो कल्पनेने लिहितो. इंग्रजीत ही कादंबरी लोकप्रिय केली ती सर वॉल्टर स्कॉट यांनी. त्यांची 'वेव्हर्ली' १८१४ मध्ये आली. पुढे १८२५ मध्ये त्यांनी 'द टॅलिस्मन' लिहिली. तिच्यात सुलतान सलाहुद्दीन आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड यांच्या काळातील धर्मयुद्धाची हकीकत आहे.

ही कादंबरी लखनौच्या अब्दुल हलीम शरर यांच्या वाचनात आली आणि ते रागावले. गंमत अशी, की स्कॉटने सलाहुद्दीनाला उदार आणि शूरच रंगवले आहे. तरीही मुसलमानांचे एकूण चित्रण शररना खटकले. मग त्यांनी काय केले? आपल्या 'दिलगुदाज' या मासिकातून त्याच धर्मयुद्धांच्या काळावर १८८८ साली 'मलिकुल अजीज वर्जिना' ही कादंबरी लिहिली. उर्दूतील ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली ती अशी, एका वाचकाच्या रागातून. इकडे पुण्यात हरिभाऊ आपटेही त्याच स्कॉटचे वाचक होते. ऐतिहासिक कादंबरीकडे वळताना त्यांनी पहिला विषय कोणता निवडला असेल? टिपू सुलतान. 'म्हैसूरचा वाघ' ही त्यांची कादंबरी मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या पुस्तकावर आधारलेली होती.

शररना राग आला तर त्यांनी कादंबरी लिहिली. मी पडलो नववीतला मुलगा. मला राग आला तेव्हा मी चार दिवस आजोबांच्या ओट्याकडे फिरकलो नाही. ते कसे झाले, ते सांगतो.

आजोबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. संध्याकाळी त्यांना अक्षरे नीट दिसत नसत, म्हणून 'पानिपत'मधील चार-पाच पाने मी त्यांना वाचून दाखवायचो. मराठी शब्दांनी मी घाबरून जाईन असे मला वाटले होते, पण झाले उलटेच. फौज, मोहीम, तोफखाना, हुकूम, रसद, कुमक, मुलूख, खजिना हे शब्द तर आमच्या घरचेच. पेशवा हा मूळचा फार्सी शब्द, त्याचा अर्थ पुढारी. शिलेदार म्हणजे आपला सिलाहदार, शस्त्र बाळगणारा. फडणीस म्हणजे फर्दनवीस. सरनोबत म्हणजे सर-ए-नौबत. मला वाटू लागले, की हे पुस्तक माझ्यासाठीच लिहिले आहे. तुमच्यापैकी ज्यांना मराठी वाचनाची धास्ती वाटते, त्यांनी एखादी पेशवेकाळावरील कादंबरी उघडून असे शब्द पेन्सिलीने मोजून पाहावेत.

कधी कधी मात्र हेच ओळखीचे शब्द फसवतात. एकदा आजोबा म्हणाले, "भाऊसाहेबांनी प्रयत्नांची अगदी शिकस्त केली रे!" मी चटकन म्हणालो, "शिकस्त? म्हणजे आत्ताच हरले? अजून तर निम्मे पुस्तक बाकी आहे!" आजोबा पोट धरून हसले. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत शिकस्त करणे म्हणजे होईल तेवढा प्रयत्न करणे. त्या दिवसापासून आम्ही अशा शब्दांची यादीच केली. तालीम म्हणजे आपल्याकडे शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. खुलासा म्हणजे आपल्याकडे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. राजीनामा म्हणजे आपल्याकडे समझोता, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद!

असे सगळे छान चालले होते. एका संध्याकाळी आजोबांचा नातू, माझा मित्र, शेजारी बसून ऐकत होता. मध्येच तो हसत हसत म्हणाला, "शेवटी तुमचा अब्दालीच जिंकला ना!" त्याने ते सहज म्हटले. पण 'तुमचा' हा शब्द माझ्या मनात काट्यासारखा रुतला. अब्दाली अफगाणिस्तानचा बादशहा. माझे पणजोबा इथल्याच मातीत विड्या वळत होते. अब्दाली माझा कसा? मी पुस्तक मिटले आणि उठून घरी गेलो.

पण खरे सांगू? राग येण्याचे अजून एक कारण होते आणि ते मी त्या वेळी कोणाला सांगितले नाही. 'मुअज्जम अली' वाचताना लढाईच्या प्रकरणात मीही मनातल्या मनात जिंकत होतो. नायक ज्या बाजूला असतो त्या बाजूला वाचक आपोआप जातो. कादंबरीची ताकदच ती आहे. मित्राने जे गमतीने म्हटले, ते मी आधीच गुपचूप मानून बसलो होतो.

पाचव्या दिवशी आजोबांनी भिंतीपलीकडून हाक मारली. मी गेलो तर त्यांनी काही विचारले नाही, रागावलेही नाहीत. 'पानिपत'मध्ये खूण घातलेले एक पान उघडून त्यांनी माझ्यापुढे धरले. म्हणाले, "एवढे वाच आणि मग मला सांग, हा कोणाचा?"

ते पान इब्राहिमखान गारदी याच्याविषयीचे होते. मित्रांनो, हे नाव तुम्ही लक्षात ठेवा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या मैदानावर मराठ्यांची सेना उभी राहिली, तेव्हा तिचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखानाच्या हाताखाली होते. तो आधी निजामाकडे होता, मग पेशव्यांच्या चाकरीत आला. त्या दिवशी त्याच्या गारद्यांनी शत्रूची एक बाजू जवळजवळ मोडून काढली. दुपारनंतर विश्वासराव पडले, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले आणि सेना उधळली. इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला गेला आणि लढाईनंतर त्याला मारण्यात आले. तो मुसलमान होता आणि अब्दालीविरुद्ध लढून मेला.

मी वाचून संपवले. आजोबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. शाळेच्या ग्रंथालयात पानिपतविषयी जे मिळेल ते मी वाचू लागलो. तिथे मला दुसऱ्या बाजूची माणसे भेटली. अब्दालीच्या बाजूला अवधचा नवाब शुजाउद्दौला होता. त्याच्या सैन्यात अनुपगिर गोसावी हा संन्यासी सरदार आपल्या गोसाव्यांसह लढत होता. शुजाउद्दौलाच्याच पदरी काशिराज पंडित नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता. त्याने ही लढाई जवळून पाहिली आणि पुढे तिची हकीकत लिहिली. कोणत्या भाषेत? फार्सीत! इतिहासकार आजही त्या हकीकतीचा आधार घेतात.

मी धावतच आजोबांकडे गेलो. म्हणालो, "आजोबा, आता तुम्ही सांगा, अनुपगिर गोसावी कोणाचा?" आजोबांनी क्षणभर विचार केला, मग चष्मा काढून पुसला. "म्हणजे इब्राहिमखान तुझा धरला, तर हा माझ्या गळ्यात आला म्हणायचा!" असे म्हणून ते मोठ्याने हसले. नातूही हसला. मग आम्ही तिघांनी मिळून कागदावर दोन्ही छावण्यांतील नावे लिहिली. 'तुमचे' आणि 'आमचे' असे दोन रकाने करायला गेलो, ते काही जमेना.

आपण काय वाचतो ते दुसऱ्याला सांगावे, असे मी तुम्हांला का म्हणतो, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. मी एकटाच 'मुअज्जम अली' वाचत राहिलो असतो तर एका छावणीतच राहिलो असतो. नुसते 'पानिपत' वाचूनही तेच झाले असते. एक मात्र लक्षात ठेवा. दोन कादंबऱ्या एकमेकींसमोर ठेवल्या म्हणजे इतिहास होतो, असे नव्हे. मुअज्जम अली हा कल्पनेतला माणूस आहे. भाऊसाहेब खरे, पण कादंबरीतील त्यांचे प्रत्येक वाक्य कोणी शेजारी बसून टिपून ठेवलेले नाही. म्हणून ऐतिहासिक कादंबरीविषयी बोलताना एक प्रश्न अवश्य विचारावा : यातले खरे कोण आणि लेखकाने निर्माण केलेले कोण? याचे उत्तर शोधायला इतिहासाचे पुस्तक उघडावेच लागते, आणि मग तेही कंटाळवाणे वाटत नाही.

सांगायचे कसे, हाही एक प्रश्नच आहे. काही जण पुस्तकाची सगळी गोष्ट पहिल्या पानापासून सांगत सुटतात. ऐकणारा जांभया देतो. लेखकाचे नाव, काळ कोणता आणि आपण आता कुठवर आलो आहोत, एवढे सांगितले तरी पुरे. मग जिथे अडलो, जिथे राग आला, जो माणूस पटला नाही, तिथून बोलणे सुरू करावे. "पुस्तक छान आहे" या वाक्याला ऐकणाऱ्याकडे काही उत्तर नसते. "भाऊसाहेबांनी बायकामुले आणि यात्रेकरू बरोबर न्यायला नको होते" असे म्हणून पाहा, लगेच कोणीतरी तावातावाने बोलू लागेल.

आणि शेवट? शेवट सांगू नये, हा वाचकांमधला जुना करार आहे. रहस्यकथेत तो उघडच आहे. ऐतिहासिक कादंबरीचे मात्र वेगळे. पानिपतावर काय झाले, हे मराठीत लहान मुलालाही ठाऊक असते. 'पानिपत होणे' हा पूर्ण पराभवासाठी वाक्प्रचारच झाला आहे. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'तील माधवराव पेशवे तरुण वयात जाणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असते. १८९९ साली आलेल्या मिर्झा हादी रुसवा यांच्या 'उमराव जान अदा'त तर उमराव म्हातारपणी स्वतःच आपली हकीकत रुसवांना सांगत बसलेली आहे. फैजाबादहून पळवून लखनौला विकलेल्या त्या मुलीला पुन्हा आपले घर मिळाले नाही, हे मी आजोबांना आधीच सांगून टाकले होते. त्यांनी १९८१ सालचा चित्रपटही पाहिला होता. तरी ती आपल्या जुन्या दारापाशी येते तो प्रसंग मी उर्दूतून वाचून मोडक्या मराठीत सांगू लागलो, तेव्हा आजोबा म्हणाले, "थांब. हळू सांग." शेवट माहीत असूनही ज्या पानावर मन धडधडते, त्या पानाविषयी दोन वाचकांना बोलायचे असते.

आता मी शिक्षक आहे. आमच्या वर्गात मागच्या भिंतीला एक लहान फळा आहे. त्यावर 'सध्या काय वाचतोय?' असे लिहिले आहे. मुले-मुली त्यावर पुस्तकाचे नाव आणि एखादे वाक्य लिहितात. उर्दू पुस्तक असेल तर मराठीत आणि मराठी असेल तर उर्दूत. खडूचे तुकडे फार लवकर संपतात, एवढीच तक्रार. एकदा एकाने 'मिरातुल उरूस'खाली लिहिले, "अकबरी मला जास्त आवडली." त्यावर मुलींच्या बाकांवरून जो गोंधळ उठला, तो शांत करायला मला अख्खा तास लागला.

गेल्या आठवड्यात नववीतील एका मुलीने माझ्याकडून आजोबांची ती 'पानिपत'ची प्रत नेली. आजोबा आता नाहीत. पुस्तक त्यांच्या नातवाने मला दिले. काल फळ्यावर तिचे अक्षर दिसले. वर पुस्तकाचे नाव, आणि खाली लिहिले होते : "भाऊसाहेब दिल्लीला पोचले आहेत. इब्राहिमखान बरोबर आहे. पुढचे कोणी सांगू नका."